फक्त झिंक

‘कुणाचा तरी हात लागलाय,’ सर म्हणाले, आणि टेबलाभोवती बसलेल्या आम्ही तिघांनी आपापले हात हळूच मांडीवर घेतले. ठरवून नाही. खाडीतून गाळ काढून आणणाऱ्या जहाजीने चहाचा कप अर्धा उचलला होता, तो त्याने तसाच खाली ठेवला. मधोमध सरकवलेल्या कागदावर दोन रेघा होत्या. निळी दुसऱ्या प्रयोगशाळेची, वरून खाली सरळ, शाळेला निघालेल्या मुलीच्या भांगासारखी. लाल आमची. तीच खाडी, तोच दिवस, एकाच होडीतून वर काढून दोघांनी वाटून घेतलेला तळाचा तोच गाळ. पण आमच्या गाळात झिंक चौपट, कुठे सातपट, आणि रेघ अशी वरखाली की कुणी धावत्या गाडीत बसून काढली असावी. बंदरवाल्यांना एवढंच हवं होतं, की हा गाळ उपसला तर पाण्यात विष कालवलं जाईल का. आम्ही महिन्यापूर्वी लेखी कळवलं होतं, जाईल. आता दुसऱ्यांनी कळवलं होतं, मुळीच नाही. सर कधी आवाज चढवत नाहीत. काटे काढून ताटाच्या कडेला लावावेत तशी त्यांनी एकेक शक्यता बाजूला केली. होडी नाही, कारण दोघांची एकच. मशीन नाही, कारण मशीनवालीने मोजून तयार केलेलं पाणी त्यातून तीनदा घालून पाहिलं होतं. मशीनवालीचे हात टेबलावर परत आले. जहाजीने कप उचलला. राहिल्या बाटल्या, सर म्हणाले, आणि त्या भरणारं माणूस. मग माझ्याकडे बघून, जेवलीस का विचारावं इतक्या साधेपणाने, त्यांनी विचारलं की बाटल्या ॲसिडमध्ये पुरेसे दिवस भिजल्या होत्या ना. मी म्हटलं, ‘मावशींना विचारायला हवं.’ एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाटल्या मावशी धुतात, किती दिवस भिजल्या ते मावशींनाच ठाऊक. पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि टेबलाभोवतीची हवा हलकी झाली, आणि ती माझ्यामुळे हलकी झाली याचं मला, लाज वाटायच्या आधी, बरं वाटलं.

महिनाअखेरीला माझा कागद वर जाणार होता. वर्षभर नोकरी कच्ची, मग पक्की. पिल्लू साडेतीन महिन्यांचं असताना मी कामावर आले ती याच कागदासाठी. आणखी थांबले असते तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं असतं. तळमजल्यावरचं पाळणाघर फक्त इथे काम करणाऱ्यांसाठी आहे. नोकरी गेली की पाळणाघर गेलं, पाळणाघर गेलं की दुसरी नोकरी शोधायची सोय गेली. नवरा म्हणतो तू फार पुढचं बघतेस. तो स्वतः संध्याकाळच्या पुढचं बघत नाही, त्यामुळे घरात कुणाला तरी बघावं लागतं. सभा संपल्यावर मी जिना उतरले, पिल्लूला टेबलावर आडवं केलं, ओलं फडकं काढलं. मांड्यांच्या सांध्यात पुरळ अजून लाल होतं. मलमाची नळी हातात घेतली, बोटभर मलम काढलं, लावलं, आणि मग नळी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. वाचायची काही गरज नव्हती. ‘झिंक’ हा शब्द सर बोलले तेव्हाच माझ्या अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी ठणकलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात चांदणं कसलं, भर दुपारचं ऊन पडलं होतं. झिंक ऑक्साइड, चाळीस टक्के. पिल्लू पाय झाडत हसत होतं. त्याला अलीकडे स्वतःची टाच सापडली आहे, ती तो तोंडाशी नेतो आणि आपण केवढा पराक्रम केला अशा नजरेने माझ्याकडे बघतो. मी त्याच्या टाचेचा मुका घेतला. मग उठून नळाखाली हात धुतले. साबण दोनदा लावला. तळहातावरून पाणी थेंबाथेंबाने ओघळून गेलं, बदकाच्या पाठीवरून जावं तसं. या मलमाचं कामच ते आहे. ओल आत शिरू द्यायची नाही.

आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात की समुद्राच्या पाण्यात सगळं असतं, फक्त जवळजवळ नसल्यासारखं असतं. मीठ सोडलं तर बाकी सगळं नावापुरतं. तळाच्या गाळाच्या कणाकणांमध्ये जे पाणी अडकून असतं त्यातलं झिंक मोजायचं म्हणजे पोहण्याच्या तलावात चिमूटभर साखर टाकून गोडी विचारण्यासारखं. म्हणून त्या स्वच्छ खोलीत शिरताना अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, कानातलं काढायचं, केस टोपीत, पावडर नाही, नखांना रंग नाही. मग हातमोज्यांची एक जोडी, आणि तिच्यावर दुसरी, कारण पहिली चढवताना ती उघड्या बोटांनी ओढावी लागते. तिच्या बाहेरच्या अंगाला तुमचा हात लागलेला असतो. दुसरी जोडी चढवताना आतल्या हाताला आधीच मोजा असतो. एवढा साधा नियम. जहाजी त्या नळ्या आणून देतो, हातभर लांब, आत गाळ आणि वर दोन बोटं पाणी. त्या उभ्याच धरायच्या, हलवायच्या नाहीत, वरचं पाणी ढवळलं तर वरचे थर बिघडतात. मी नळी छातीशी धरून चालते, डोकं खांद्याला टेकवून धरलेल्या तान्ह्यासारखी. पहिल्या आठवड्यात एकदा नळी धरल्या धरल्या तिच्या पाठीवर थोपटताना मला जहाजीने पाहिलं, आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत हिंडला की मॅडम गाळाला ढेकर काढायला लावतात. मग नळीतून गाळ वर ढकलायचा आणि सेंटीमीटर सेंटीमीटरचे काप करायचे. सगळ्यात वरचा पापुद्रा तपकिरी, कोकोसारखा; हवा फक्त तिथवर पोचते. त्याखाली करडा. त्याखाली काळा, नासक्या अंड्याचा वास मारणारा. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण तीन वर्षं. दहाव्या कापाशी मी जन्मले. अकराव्याला आईचं लग्न. पिल्लूचं सगळं आयुष्य अजून सुरीच्या पात्याइतक्या जाडीचंही नाही, आणि तरी मी त्या तपकिरी पापुद्र्यातून सुरी फिरवताना दरवेळी किंचित थांबते. काप गरगर फिरवून त्यातलं पाणी काढायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं. पुन्हा पुढचा काप. आणि मी दिवसातून तीन वेळा खाली उतरत होते, पाजायला, फडकं बदलायला, आणि परत वर येताना पिल्लूचं रडणं जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत माझ्या मागे येत होतं, आणि वर काप हवेत तापत पडलेला, आणि दोन जोड्या चढवायला दोन मिनिटं लागतात. मी एकीवर भागवलं. एकदा नाही. रोज.

दुसऱ्या दिवशी मी ते आकडे घेऊन बसले. सगळे जण गाळ वरून खाली वाचतात, खोलीप्रमाणे. मी माझ्या वहीतून काढून प्रत्येक कापासमोर तो मी कितीच्या सुमाराला केला ती वेळ लिहिली, आणि आकडे खोलीऐवजी घड्याळाच्या क्रमाने मांडले. धावत्या गाडीतली रेघ एका झटक्यात शिस्तीत आली. पावणेअकराला उंच, मग उतरत उतरत जवळजवळ स्वच्छ. सव्वाला उंच, मग उतार. पावणेचारला उंच. काप करायला लागले ते तिन्ही दिवस तसंच. एका दिवशी दुपारचा उंचवटा तीन वाजताच होता, आणि मला आठवलं, त्या दिवशी पिल्लूच्या अंगात कणकण होती, पाळणाघरवालीने लवकर बोलावून घेतलं होतं. इतकं स्पष्ट की हसू आलं. जिथे ऊन पोचत नाही अशा चिखलाने माझ्या लेकराच्या दुधाच्या वेळा मिनिटांच्या हिशोबाने टिपून ठेवल्या होत्या. माझ्या आईपाशीसुद्धा माझी इतकी बारीक नोंद नसेल. मी त्या रेघेकडे फार वेळ बघत बसले. ती सुंदर होती. आणि मग आणखी एक गोष्ट दिसली, जी खरं तर मशीनवालीला आधी दिसायला हवी होती: शिसं बरोबर, तांबं बरोबर, लोखंड बरोबर. फक्त झिंक. घाणेरडी बाटली अशी निवड करत नाही. बाटली घाण असली की सगळंच थोडं थोडं वाढतं. एकटं झिंक वाढतं ते एकाच गोष्टीने.

मावशींचं धुण्याचं काम म्हणजे नुसतं खंगाळणं नव्हे. आठवडाभर साबणाची टाकी, आठवडाभर पहिल्या ॲसिडची, आठवडाभर दुसऱ्या ॲसिडची, मग शुद्ध पाण्याने पाच वेळा धुणं, झाकण वेगळं, बाटली वेगळी. प्रत्येक टाकीवर खडूने तारीख. अकरा वर्षं त्या हे करताहेत, कंत्राटावर, आणि अकरा वर्षांत त्यांच्या बोटांवरचे ठसे गेले आहेत. दारावर बोट टेकवायचं नवीन यंत्र बसवलं तेव्हा ते त्यांना ओळखेचना, आणि जहाजी म्हणाला मावशी आता बिनधास्त चोरी करा, कोण धरणार. त्या म्हणाल्या, ‘चोरायला इथे आहे काय, चिखल?’ त्या आपल्या बाटल्यांबद्दल समुद्राच्या वरचढ बोलतात. तुमचा समुद्र घाण असेल, माझी बाटली नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या पाळणाघरात येत आणि मी डबा खाईपर्यंत पिल्लूला घेत. पण घेण्याआधी हात धूत. एकदा, दोनदा, तीनदा, कोपरापर्यंत, मग हात नाकाशी नेऊन हुंगत, मग पदर मधे घालून त्याला उचलत. मी म्हणायची, मावशी पुरे हो. त्या म्हणायच्या, ॲसिड आहे बाई, लेकराला लागायला नको. लेकराकडून तिकडे काय जातंय, हे आम्हां दोघींनाही सुचलं नव्हतं. मला सुचायला हवं होतं. मला त्याचा पगार मिळतो.

मी एक चाचणी केली, हेही सांगायला हवं. शुद्ध पाण्याच्या दोन कोऱ्या बाटल्या घेतल्या, दोन्ही मावशींच्या, एकाच टाकीतल्या. एक तशीच ठेवली. दुसरीच्या तोंडाशी, साबणाने दोनदा धुतलेला माझा अंगठा एकदा टेकवला. मशीनवाली जेवायला गेली होती तेव्हा दोन्ही चालवल्या. पहिलीत काहीच नाही, असं काहीच नाही की आकडा कोरा. दुसरीत आकडा वर चढत गेला आणि थांबेना. मी दोन्ही नोंदी पुसल्या, पाणी मोरीत ओतलं. मग घड्याळाच्या क्रमाचा कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. मी प्रामाणिकपणे गेले असं मला वाटलं होतं. आता वाटतं, कुणीतरी थांबवावं म्हणून गेले. सरांनी कागद पाहिला. वेळा पाहिल्या. त्यांना दोन मुलं आहेत, मोठी झालेली. पावणेअकरा, सव्वा, पावणेचार हे त्यांना वाचता आलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. त्यांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि ती चौकोनी पुडी माझ्या पुढ्यात ठेवली. ‘हे तू मला दाखवलेलं नाहीस,’ ते म्हणाले. मग समजावून सांगितलं, बरीच मिनिटं, मुलाला गणित सांगावं तसं. बाटल्या घाण निघाल्या तर बाटल्या बदलता येतात, धुणारं माणूस बदलता येतं, बंदरवाल्यांना तसं कळवता येतं, ते मानही हलवतात. मोजणारं माणूस घाण निघालं, तर त्याच्या हाताखालून गेलेलं वर्षभराचं सगळं फेकावं लागतं, आणि त्या सगळ्याखाली सह्या त्यांच्या. कुणाचं भलं होणार आहे त्यात? मी काहीतरी म्हणणार होते. माझ्या मते मी मावशींचं नाव घेणार होते. त्यांनी विचारलं, ‘बाळ कसं आहे? पुरळ गेलं?’

पुरळाबद्दल मी त्यांना कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, आहे थोडं. ते म्हणाले, खोबरेल लावून बघ. खोबरेलाने बरं पडतं, आमच्या थोरल्याला पडलं होतं. आणि त्या क्षणी, इतक्या दिवसांची बांधून ठेवलेली छाती एकदम सैल झाली आणि दूध सुटलं, दोन्हीकडून, सदऱ्यातून बाहेर, वेळ नसताना, लेकरू समोर नसताना. शरीराला लाज नसते. त्याला सुटका झाल्याचं कळलं होतं, ती कुणाच्या जिवावर झाली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी ती पुडी छातीशी धरून बाहेर पडले आणि सरांनी सभ्यपणे खिडकीबाहेर बघितलं.

मग सगळं ऑफिसने केलं. ऑफिस नेहमी सगळं शुक्रवारी करतं. कंत्राट पुढे चालू ठेवता येत नाही, कारण बाटल्यांच्या स्वच्छतेत कसूर. मशीनवालीने ती ओळ सूचनाफलकावर वाचली, मग तिची नजर एक क्षण माझ्यावर येऊन थांबली, आणि मला कळलं की शिसं, तांबं, लोखंड तिलाही दिसलंय. ती म्हणाली, आजकाल कुणाचं काही खरं नाही, आणि आपल्या खोलीत गेली. तिचाही अहवाल त्यात होता. जहाजी म्हणाला, म्हातारीचे डोळे गेले असतील, खडूने कालचीच तारीख लिहीत असेल. आम्ही हसलो. मीही. फार नाही, जेवढं हसलं नाही तर वेगळं दिसेल तेवढंच. घरी नवऱ्याला सांगितलं की आमच्या मावशी जाताहेत. तो म्हणाला, अरे रे, चांगली होती बिचारी, का? मी म्हटलं, बाटल्या घाण निघाल्या. पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. पिल्लूला खोबरेल चोळत मी ते दुसऱ्यांदा मनात म्हणून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा, आणि दरवेळी ते थोडं जास्त गुळगुळीत होत गेलं.

मावशी शेवटच्या दिवशी पावणेचारला पाळणाघरात आल्या. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाजत होते. त्या समोर जमिनीवर बसल्या. मग त्या म्हणाल्या की सर काय म्हणतात त्याचं त्यांना काही नाही, सरांनी अकरा वर्षांत त्यांची धुण्याची खोली एकदाही पाहिलेली नाही. ऑफिसचंही नाही, ऑफिसला बाटली आणि बरणी यांतला फरक कळत नाही. ‘पण तुम्ही त्या हाताळता. तुम्ही मला कधी खोटं बोलणार नाही. तुम्ही सांगा, माझ्या बाटल्या घाण होत्या?’

त्यांनी ते आरोपासारखं विचारलं नाही. दुखतंय ते नक्की कुठे, हे डॉक्टरला विचारावं तसं विचारलं. माझ्याकडे त्या वेळी जेवढा वेळ होता तेवढा मी घेतला. पिल्लूला दुसऱ्या बाजूला घेतलं, त्याचं तोंड पुसलं, ओढणी सारखी केली. या एका शब्दाने काही बदलणार नव्हतं. कंत्राट गेलं होतं, माझा कागद वर गेला होता, नाही म्हटलं असतं तरी त्या उद्या येणार नव्हत्या. नाही म्हणायला मला काहीही मोजावं लागलं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘थोड्या होत्या.’

त्या रडल्या नाहीत. मान हलवत राहिल्या. तुम्ही म्हणता म्हणजे असणार. मग त्यांचा चेहरा आत वळला, आणि त्या शोधायला लागल्या. कुठली टाकी, कुठला आठवडा. मोठ्याने, बोटांवर मोजत. पहिल्या ॲसिडची टाकी तर अख्खा आठवडा होती. दुसरीची झाकणं त्यांनी स्वतः बुडवली होती. पाच वेळा धुतल्या, पाचच्या पाच वेळा, मोजूनच धुतात त्या, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. सापडेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. सापडत नाही याचा त्यांना इतका त्रास होत होता की मला तो बघवेना, आणि मी म्हटलं, मावशी, दोन महिन्यांपूर्वी यजमान पडले होते ना तुमचे, तेव्हा तुम्ही लवकर गेला होतात.

त्या थांबल्या. हो. गुरुवार होता. शेजारणीचा फोन आला होता, आणि दुसऱ्या ॲसिडच्या टाकीतल्या बाटल्या शुक्रवारी सकाळी काढायच्या त्या त्यांनी गुरुवारी दुपारीच काढल्या होत्या. एक रात्र कमी पडली होती. ‘त्या तुमच्याच होत्या का हो?’

त्या माझ्या नव्हत्या. नदीचं पाणी मोजणाऱ्यांच्या होत्या, मोठ्या तोंडाच्या, आमच्या कामात त्या चालतच नाहीत.

‘माझ्याच होत्या,’ मी म्हटलं.

मावशींनी डोळे मिटले. खांदे खाली आले. अख्खं अंग असं सैलावलं, की आता या इथेच आडव्या होऊन झोपतील असं वाटलं. बरं झालं बाई कळलं, त्या म्हणाल्या, नाहीतर मरेपर्यंत शोधत बसले असते. मग म्हणाल्या की एका रात्रीने एवढं होईल असं वाटलं नव्हतं, की घाईत माणसाच्या हातून व्हायचं ते होतं, की तुमची एवढी मेहनत मी नासवली, वर पोटात ठेवलंत, कुणाला बोलला नाहीत. त्यांनी विचारलं की मी रागावले तर नाही ना.

पिल्लू पिता पिता झोपलं होतं. त्याला जाग येऊ नये म्हणून मी हळू आवाजात, जमेल तेवढ्या मायेने म्हटलं, ‘नाही हो मावशी. होतं असं. मी मनात काही ठेवलेलं नाही.’

त्यांनी पदराने डोळे पुसले, वाकून मला नमस्कार केला, माझ्या दुप्पट वयाच्या त्या बाईने, आणि मी तो घेतला.